काशीचा पारखी : जेम्स प्रिन्सेप

काशीला जाऊन आलेल्या माणसाला तेथे काय काय पाहिले असे विचारले, की उत्तरे बहुधा ठरलेली असतात. दशाश्वमेध घाट, मणिकर्णिका, अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर, मानमंदिर घाटावरची सवाई जयसिंगाची वेधशाळा, पंचगंगा घाटावरची आलमगीर मशीद, पलीकडच्या तीरावरचा रामनगरचा किल्ला आणि सवड असेल तर दहा किलोमीटरवरचे सारनाथ. दोन दिवसांत ही यादी पुरी होते. गंगेचे पाणी घेऊन यात्रेकरू परततो. पण या स्थळांचा आणि त्यांच्या भोवतीच्या शहराचा शोध ज्याने पायी हिंडून घेतला, ती मोजली, रेखाटली, काही दुरुस्त केली आणि शेवटी या देशातील सर्वांत जुन्या शिलालेखांना वाचा दिली, त्या जेम्स प्रिन्सेपचे नाव मात्र या यादीत कोठेच नसते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते. परीक्षेपुरती ती पाठ करून आपण पुढे जातो. त्या एका ओळीमागे चाळीस वर्षांचे एक विलक्षण आयुष्य आहे आणि त्यातील दहा वर्षे काशीची आहेत.

जेम्स प्रिन्सेपचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडात झाला. त्याचा बाप जॉन प्रिन्सेप तरुणपणी जवळजवळ रिकाम्या हाताने हिंदुस्थानात आला होता. निळीच्या धंद्यात अमाप पैसा मिळवून तो मायदेशी परतला आणि पुढे त्यातला बराचसा गमावूनही बसला. घरात मुलांची खिल्लारे होती. जेम्स हा सातवा मुलगा. नाना प्रकारची यंत्रे जोडण्यात आणि बारीक नक्षीची चित्रे काढण्यात त्याचा हात चालत असे, म्हणून त्याला वास्तुशिल्पाच्या शिक्षणाला घातले. पण त्या सूक्ष्म रेखाटनांनी त्याचे डोळे बिघडले आणि ते शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले. कंपनीच्या टाकसाळीत नाणेपारख्याची जागा मिळण्याचा संभव दिसताच बापाने त्याला रसायनशास्त्र शिकवले आणि लंडनच्या शाही टाकसाळीत उमेदवारी करायला लावले. डोळ्यांनी एक दार बंद केले नसते, तर हा मुलगा लंडनमध्ये घरांचे नकाशे काढीत राहिला असता.

१५ सप्टेंबर १८१९ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी जेम्स आपला भाऊ हेन्री थोबी याच्यासह कलकत्त्यास उतरला. तेथील टाकसाळीत होरेस हेमन विल्सन हे मुख्य पारखी होते. संस्कृतचे हे मोठे पंडित पुढे ऑक्सफर्डला संस्कृतचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या हाताखाली काही महिने काढल्यावर जेम्सची नेमणूक बनारसच्या टाकसाळीत झाली. १८२० पासून १८३० साली ती टाकसाळ बंद होईपर्यंत तो काशीतच होता.

टाकसाळीतला पारखी म्हणजे काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रिन्सेपच्या सगळ्या आयुष्याची किल्ली त्याच्या या धंद्यात आहे. टाकसाळीत येणारी चांदी शुद्ध किती आणि हिणकस किती हे ठरवणे हे त्याचे काम. डोळ्यांना दोन्ही रुपये सारखेच चमकताना दिसतात. कोणाच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही. धातू तापवावा लागतो, तोलावा लागतो, आकडा लिहून ठेवावा लागतो. भट्टीची उष्णता नेमकी किती याचा त्या काळी केवळ अंदाज बांधला जाई. प्रिन्सेपने चांदी, सोने आणि प्लॅटिनम यांची निरनिराळ्या प्रमाणांत मिश्रणे केली. कोणते मिश्रण वितळले आणि कोणते तसेच राहिले, यावरून त्याने भट्टीची उष्णता मोजण्याची रीत बसवली. या कामामुळे १८२८ साली तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. ग्रेनच्या तीन सहस्रांश भागापर्यंत वजन दाखवणारा तराजूही त्याने स्वतः तयार केला. वय तिशीच्या आत, आणि काम चालले होते ते गंगाकाठच्या एका टाकसाळीत!

हीच पारखण्याची सवय त्याने काशीलाही लावली. शहराचा नीट नकाशा नव्हता. प्रिन्सेपने १८२२ साली गल्ली न् गल्ली मोजून मैलाला आठ इंच या मापाचा नकाशा तयार केला. काशीच्या बोळांतून जो हिंडला असेल त्याला हे काम किती जिकिरीचे असेल ते सांगायला नको. शहराच्या लोकसंख्येविषयीही तोवर वाटेल ते आकडे सांगितले जात. १८०१ च्या सुमारास हा आकडा पाच लाखांहून अधिक धरला गेला होता. प्रिन्सेपने १८२८-२९ मध्ये शिरगणती केली, तेव्हा उपनगरांसह ती सुमारे १,८०,००० भरली. फुगवलेला आकडा म्हणजे त्याच्या लेखी हिणकस चांदीच होती.

डोळे सुधारल्यावर त्याने पुन्हा पेन्सिल हाती धरली. घाट, देवळे, ठठेरी बाजारातली तांब्यापितळेची दुकाने, ताबुतांची मिरवणूक, चंद्रग्रहणाच्या वेळी गंगेत उतरलेली गर्दी, हे सारे त्याने रेखाटले. ही चित्रे पुढे शिळाछापावर छापली गेली आणि १८३० नंतर काही भागांत प्रसिद्ध झाली. छायाचित्रणाची कला यायची होती त्या काळातली काशी आज आपल्याला पाहायची असेल, तर या चित्रांना पर्याय नाही.

याचे एकच उदाहरण देतो. पंचगंगा घाटावरची आलमगीर मशीद औरंगजेबाच्या काळात बिंदुमाधवाच्या जुन्या मंदिराच्या जागी उभी राहिली. तिचे दोन उंच सडपातळ मिनार नदीवरून लांबून दिसत, आणि मंदिराची आठवण अशी चिवट की लोक त्या मिनारांनाच माधवरावाचा धरहरा म्हणत. प्रिन्सेपच्या वेळी हे मिनार ढासळू लागले होते. त्याने पुढाकार घेऊन ते सावरले. त्यानंतर ते शंभरावर वर्षे उभे राहिले. १९४८ साली त्यांतला एक कोसळला, आणि धोका नको म्हणून दुसराही नंतर उतरवण्यात आला. आज पंचगंगेवर जाणाऱ्याला मशीद दिसते, मिनार दिसत नाहीत. ते पाहायचे तर प्रिन्सेपचे चित्रच उघडावे लागते.

काशीचे दुखणे तेव्हाही सांडपाण्याचे होते. दाट वस्तीच्या मधोमध डबकी आणि तलाव साचून राहत, रोगराई पसरे. प्रिन्सेपने जमिनीखालून कमानीचा बोगदा खणून ते पाणी गंगेकडे काढून दिले. शहराचे आरोग्य सुधारले हे खरे. पण त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की या निचऱ्यात मत्स्योदरी नावाचे जुने तीर्थही आटले. ज्या जलाशयाचे माहात्म्य पुराणांनी गायिले, त्याच्या जागी आता मच्छोदरी हे वस्तीचे नाव तेवढे उरले आहे. सुधारणेचा हिशेब मांडताना जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडायला हवी, आणि प्रिन्सेपसारख्या पारख्याच्या बाबतीत तर ती मांडलीच पाहिजे.

त्याच्या आणखी एका कामाशी आपला मराठी माणसांचा जुना संबंध आहे. काशीच्या पूर्वेला कर्मनाशा नावाची नदी आहे. हिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी साऱ्या पुण्याचा नाश होतो, अशी समजूत. त्यामुळे पूर्वेकडून काशीला येणाऱ्या आणि काशीहून गयेला जाणाऱ्या यात्रेकरूंची मोठी पंचाईत होई. पुण्याच्या नाना फडणीसांनी या नदीवर पूल बांधायला घेतला होता, पण तो पुरा होऊ शकला नाही. पुढे बनारसचे धनिक राजा पटनीमल यांनी खर्च उचलला, प्रिन्सेपने आराखडा केला आणि दगडी पूल उभा राहिला. पेशव्यांच्या कारभाऱ्याचा संकल्प, काशीच्या सावकाराचा पैसा आणि कंपनीच्या नोकराची विद्या, असा तो तिहेरी योग होता. राज्ये बदलली तरी यात्रेकरूंची वाट तीच राहिली.

१८३० साली बनारसची टाकसाळ बंद झाली आणि प्रिन्सेप कलकत्त्याला परतला. तेथे हुगळीकाठी ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बांधलेली नवी टाकसाळ सुरू झाली होती. त्याच वर्षी त्याचा भाऊ थॉमस वारला. त्याने योजलेला कालवा अर्धवट राहिला होता, तो पुरा करण्याचे काम जेम्सने अंगावर घेतले. १८३२ मध्ये विल्सन यांच्यामागून तो टाकसाळीचा मुख्य पारखी झाला आणि एशियाटिक सोसायटीचा चिटणीसही झाला. सोसायटीचे नियतकालिक त्याने सुरू केले आणि स्वतः संपादिले. दिवसभर टाकसाळ आणि उरलेला सारा वेळ सोसायटी, असा त्याचा क्रम होता.

त्या काळी प्रांतोप्रांतीचे रुपये निराळे असत आणि बट्टा आकारून सराफ गब्बर होत. सगळीकडे एकच वजन आणि एकच नाणे असावे असा प्रिन्सेपचा आग्रह होता. १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि १८३५ साली तेवढ्याच वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकसारखा रुपया कंपनीच्या सगळ्या मुलखात सुरू झाला. यात कंपनीची सोय होती, यात शंका नाही. प्रिन्सेप कंपनीचाच नोकर होता आणि त्याची नकाशे-शिरगणतीही राज्यकर्त्यांच्या उपयोगाची होती, हे विसरून त्याच्यावर केवळ फुले उधळणे बरे नव्हे. पण राज्यकर्त्यांच्या गरजेपलीकडे जाऊन त्याने जे केले, त्याचा लाभ राज्यकर्ते निघून गेल्यावरही आपल्यापाशी राहिला आहे. ते काम म्हणजे ब्राह्मी लिपीचे वाचन.

दिल्ली, अलाहाबाद आणि आणखी काही ठिकाणी उंच गुळगुळीत दगडी स्तंभ उभे होते. त्यांवर खिळ्यांसारख्या सरळ साध्या रेघांची अक्षरे कोरलेली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दोन स्तंभ मोठ्या खटपटीने दिल्लीत आणवले, तेव्हाही ती अक्षरे कोणाला वाचता आली नव्हती. कोणी ते भीमाची काठी म्हणे, कोणी शिकंदराचा जयस्तंभ म्हणे. ज्या देशात ही लिपी जन्मली त्याच देशाला ती परकी झाली होती.

प्रिन्सेपने हे काम टाकसाळीतल्यासारखेच हाती घेतले. देशभरच्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून त्याने लेखांचे ठसे मागवले. एकेक अक्षर किती वेळा येते, त्याला कोणकोणत्या मात्रा लागतात, याचे तक्ते मांडले. मात्रा लागण्याची पद्धत नंतरच्या, वाचता येणाऱ्या गुप्तकालीन लिपीसारखी आहे हे त्याने ओळखले. युरोपात ख्रिस्तियन लासेन या पंडिताने १८३६ मध्ये एका द्विभाषी नाण्यावरून काही अक्षरे लावली होती. पण खरे कुलूप उघडले ते १८३७ मध्ये, सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांचे ठसे हाती आल्यावर. हे लेख सुटे सुटे होते आणि बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. देवळांच्या पायऱ्यांवर आणि फरश्यांवर आपली नावे कोरून ठेवणारे भाविक प्रिन्सेपने पाहिलेले होते. त्याने तर्क केला, की ही देणगीदारांची नावे असावीत आणि शेवटचा शब्द दान असावा. तर्क अचूक ठरला. द आणि न ही दोन अक्षरे अनुस्वारासह हाती लागली, त्यांच्या आधारे इतर अक्षरे उलगडली आणि थोड्याच आठवड्यांत दिल्लीच्या स्तंभावरचा मजकूर तो वाचू लागला.

हे काम त्याने एकट्याने केले असे मात्र कोणी समजू नये. प्रिन्सेपला संस्कृत बेताचेच येत होते. अक्षरे लागली तरी अर्थ लावायला पंडित हवा, आणि कमलाकांत विद्यालंकार त्याच्याजवळ बसून तो लावीत होते. पालीसाठी कलकत्त्यात राहणाऱ्या एका सिंहली विद्वानाची त्याला मदत झाली. लेख कोरवणारा देवानांप्रिय प्रियदर्शी राजा कोण, याविषयी प्रिन्सेप आधी चुकला. त्याला तो सिंहलद्वीपाचा राजा वाटला. सिंहलद्वीपात काम करणाऱ्या जॉर्ज टर्नरने तेथील पाली ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले, की हा राजा म्हणजे चंद्रगुप्त मौर्याचा नातू अशोक. प्रिन्सेपने आपली चूक तत्काळ सुधारली. १८३८ मध्ये गिरनारच्या लेखांत त्याला ग्रीक राजांची नावे सापडली. त्यांचे काळ ठाऊक होते, त्यामुळे अशोकाचा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात पक्का झाला. भारताच्या प्राचीन इतिहासाला कालगणनेची भक्कम मेख मिळाली.

पण या पारख्याने एका गोष्टीची पारख केली नाही. ती म्हणजे स्वतःची प्रकृती. १८३५ साली त्याचे लग्न झाले, दोन वर्षांनी मुलगी झाली. घर नुकते फुलू लागले होते आणि इकडे ठशांचे ढीग टेबलावर वाढत होते. १८३८ मध्ये असह्य डोकेदुखी सुरू झाली. खरोष्ठी लिपीचे काम अर्धवट टाकून त्याला बोटीवर चढवावे लागले. तो मायदेशी पोचला खरा, पण बुद्धी विझत गेली ती पुन्हा उजळली नाही. हजारो वर्षांची विसरलेली अक्षरे ज्याने वाचली, तो स्वतःच सारे विसरून गेला. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये त्याचा अंत झाला. वय अवघे चाळीस.

त्याच वर्षी राजस्थानात बैराटजवळ अशोकाचा आणखी एक लेख सापडला. ती शिळा कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत आणली गेली, पण ज्याने ती आनंदाने वाचली असती तो उरला नव्हता. कलकत्त्याच्या नागरिकांनी त्याच्या स्मरणार्थ हुगळीकाठी घाट बांधला. पांढऱ्या स्तंभांची ती देखणी वास्तू प्रिन्सेप घाट म्हणून प्रसिद्ध आहे आणि १९९२ पासून विद्यासागर सेतू तिच्या शेजारून जातो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी हिमालयातल्या एका झुडपाच्या प्रजातीला त्याचे नाव दिले. काशीत नदेसरजवळचा भाग मिंट हाऊस या नावाने ओळखला जातो, एवढीच त्याच्या टाकसाळीची आठवण.

त्याचे खरे स्मारक मात्र त्याने वाचून दाखवलेली अक्षरे हे आहे. त्याच्या सहवासात तयार झालेला अलेक्झांडर कनिंगहॅम १८६१ मध्ये भारताचा पहिला पुरातत्त्व सर्वेक्षक झाला. आपल्याकडे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, तो त्यांनी वाचला. कार्ले, नाशिक, नाणेघाट येथील लेण्यांतले सातवाहन आपल्याला बोलताना ऐकू आले, तेही त्याच अक्षरांच्या आधाराने.

आणि आता सारनाथ. प्रिन्सेप काशीत दहा वर्षे होता. धमेख स्तूप तेव्हाही उभा होता. पण सारनाथ म्हणजे विटांची खाण अशीच लोकांची दृष्टी होती. १७९४ मध्ये जगतसिंगाच्या माणसांनी तेथला एक स्तूप खणून त्याच्या विटा बांधकामाला नेल्या होत्या. स्तूपाजवळच मातीखाली अशोकाचा स्तंभ मोडून पडलेला होता. त्यावरचा लेख ब्राह्मीत होता आणि संघात फूट पाडू नका, अशी ताकीद त्यात होती. ज्या लिपीने पुढे त्याचे आयुष्य घेतले, तिचा एवढा मोठा नमुना त्याच्या घरापासून काही मैलांवर दहा वर्षे पडून होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. १९०४-०५ च्या उत्खननात तो स्तंभ आणि त्याचा चार सिंहांचा शीर्षभाग बाहेर आला. तोवर ही अक्षरे अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाची झाली होती. लेख सापडला आणि वाचलाही गेला.

ते चार सिंह २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राजमुद्रा झाले. आज सारनाथला गेलात तर संग्रहालयात सिंह आहेत आणि बाहेर उघड्यावर स्तंभाचा बुंधा जागच्या जागी आहे. पुष्कळ लोक सिंहांपुढे थांबतात आणि बुंध्याजवळून सरळ निघून जातात. अक्षरे मात्र त्या बुंध्यावर आहेत. आपण इतिहासाचे, संस्कृतचे, मराठीचे विद्यार्थी आहोत. सहलीला गेल्यावर यादी पुरी करून परत येणे आपल्याला शोभत नाही. समोरचा दगड कोणी घडवला, कोणी मोडला, कोणी सावरला आणि कोणी वाचला, हे विचारल्यावाचून पुढे न जाणे एवढे तरी आपण प्रिन्सेपकडून घ्यावे. ते घेण्यासाठी काशीलाच गेले पाहिजे असेही नाही. खिशातला रुपया काढून पाहिला तरी चालेल. देशभर एकच असलेले ते नाणे आणि त्यावरचे सारनाथचे सिंह, या दोहोंच्या मागे हा काशीचा पारखी उभा आहे.